आधी माझी झडती

हात चोराने वर करायचे असतात, अशी पोलीस खात्यात भरती झालो तेव्हा माझी समजूत होती. पुढे मला एक साहेब भेटले. ते ज्याच्या घराची झडती घ्यायला जात, त्याच्या उंबऱ्याबाहेर स्वतःच हात वर करून उभे राहत आणि घरमालकाला म्हणत, "आधी माझी झडती घ्या."

लातूरच्या आमच्या ठाण्यात त्यांना पाठीमागे सगळे 'हातवर साहेब' म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. ते इन्स्पेक्टर होते आणि मी त्यांचा रायटर, म्हणजे ते सांगतील ते पंचनाम्यात उतरवणारा हवालदार. माणूस मेलेल्या घरात शिरताना ते टोपी काढत आणि माझ्याकडे देत. एका हातात टोपी, दुसऱ्या हातात पॅड, मग लिहायचं कशाने, असं मी एकदा विचारलं. "काखेत धरा," ते म्हणाले. तेव्हापासून त्यांची टोपी माझ्या काखेत आणि तिच्यावरचं चिन्ह माझ्या बरगडीत, अशी आमची नोकरी चालली.

ही तऱ्हा त्यांनी काढलेली नव्हती. झडती घेणाऱ्याने आणि पंचांनी आत जाण्याआधी आपली अंगझडती द्यायची, म्हणजे पोलिसांनीच खिशातून काही नेऊन आत ठेवलं असा आळ नको, ही जुनी रीत आहे. प्रत्येक पंचनाम्यात ती ओळ असते. बाकीचे अधिकारी ती ओळ नुसती लिहायचे. हे गृहस्थ ती आधी करायचे आणि मग लिहायला सांगायचे. एवढाच काय तो फरक, पण खात्यात तेवढ्यावर माणूस वेडा ठरतो.

"कारण आधी, दार नंतर," हे त्यांचं पालुपद. वॉरंट नसताना झडती घ्यायची वेळ आली तर पोलिसाने आपली कारणं आधी लिहून ठेवायची असतात. साहेब ती दारात उभे राहून स्वतःच्या हाताने लिहीत, शाळेतल्या निबंधासारखी लांबलचक. तोवर आम्ही उन्हात. एकदा वरचे साहेब वैतागून म्हणाले, "तुम्ही पोलीस आहात की पाहुणे?" तर यांचं उत्तर, "पाहुणाच बरा सर. तो विचारून आत येतो." त्या वर्षी त्यांच्या गोपनीय अहवालात काय लिहिलं गेलं असेल ते सांगायला नको.

घरीसुद्धा तेच. क्वार्टरचं दार उघडं असलं तरी हा माणूस बाहेर उभा राहून कडी वाजवायचा. वहिनी आतून ओरडायच्या, "या, तुमचंच घर हाय!" मग बूट काढायचे. वहिनी मला म्हणायच्या, "भाऊजी, लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांना अजून वाटतं आपण दुसऱ्याच्याच घरी आलोय."

लातूरच्या आधी आम्ही नांदेडला एकत्र होतो. तिथं जुन्या वस्तीत, पिढ्यान्‌पिढ्या शिवणकाम करणाऱ्या एका मुसलमान घरात, तरणा जावई उलट्या करून करून गेला. गल्लीत कुजबुज झाली की सासरच्यांनीच काहीतरी घातलं. घरात कर्ती म्हणजे म्हातारी सासू. साहेब तिच्यापुढे हात वर करून उभे राहिले. म्हातारी ओशाळली. "अरे बाबा, मैं क्या देखूं तुमारेकू? मेरे बेटे के उमर के हो तुम."

"अम्मा, बेटे के भी जेब देखना. देखो."

शेवटी तिने एका खिशात बोटं घातली आणि कागदाची पुडी काढली. आत लवंगा. साहेबांची दाढ दुखत होती. "लिहा," मला म्हणाले, "पोलीस अधिकाऱ्याच्या डाव्या खिशात लवंगा मिळून आल्या." म्हातारी पदराआड हसली. तेवढ्या दुःखात हसली. मग आम्ही आत पाऊल टाकायच्या आधी तीच उठली, तांदळाच्या कोठीमागून एक बाटली काढून आणली आणि म्हणाली, हे औषध जावई लपून प्यायचा, कुणा फिरत्या वैदूकडचं, मला कुणी विचारलंच नाही. त्या बाटलीवरून पुढे सगळा उलगडा झाला आणि त्या घरावरचा डाग पुसला गेला.

हे खूळ त्यांच्या डोक्यात कुठून आलं, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. भूकंप झाला तेव्हा ते नवे फौजदार होते आणि किल्लारीच्या बाजूला बंदोबस्ताला होते. जिकडेतिकडे दगडांचे ढीग, धूर आणि फिनाईलचा वास. अशात एक माणूस त्यांच्याकडे आला. माझी बहीण भूकंपात गेली नाही, सासरच्यांनी तिला आधीच मारलं आणि आता भूकंपावर ढकलून राहिलेत, असं त्याचं म्हणणं. संशयित मृत्यू म्हटल्यावर बघणं भाग होतं. साहेब सरळ त्या घराच्या ढिगावर चढले. ढिगाशेजारी तिची सासू बसली होती. ती रडत नव्हती. ती म्हणाली, "सायेब, तुमी उभं हाईत ती माजी चूल हाय."

साहेब खाली उतरले. दार कुठं होतं, ते म्हातारीला विचारलं. तिने बोट दाखवलं. मग ते वळसा घालून तिथं गेले, टोपी काढली आणि जिथं उंबरा असेल तिथून आत गेले. दोन दिवस दगड उचलल्यावर दिसलं की बहीण भूकंपातच गेली होती, तुळईखाली, पोटाशी लेकरू घेऊन. तिचा भाऊ त्या सासूच्या पायाशी बसून रडला. "घर पडलं म्हणून ते कुणाचं नसतं असं थोडंच आहे?" साहेब मला म्हणाले आणि पुन्हा त्या विषयावर कधी बोलले नाहीत.

पण मला खरं सांगायचंय ते जीपवाल्याच्या मुलीचं.

तोवर लातूर बदललं होतं. भूकंपाने ज्या शहराचं नाव देशभर झालं, तिथं आता क्लाससाठी पोरं येऊ लागली होती. ज्याला दोन खोल्या जास्तीच्या होत्या त्याने पोरं ठेवली, ज्याच्याकडे प्लॉट होता त्याने होस्टेल बांधलं. प्लास्टर ओलं असतानाच वरच्या मजल्यावर मुलींच्या पेट्या चढायच्या. नांदेड, उदगीर, किनवट, कुठून कुठून आईबाप यायचे आणि क्लासच्या सरांना म्हणायचे, चमडी तुमची, हाडं आमची, पण लेकराला डॉक्टर करा.

अशाच एका सरांचा क्लास होता आणि त्याला लागून मुलींचं होस्टेल. एका दुपारी तिसऱ्या मजल्यावरून एक मुलगी खाली पडून मेली. सगळ्या जणी क्लासला गेल्या होत्या. ही तापामुळे एकटीच खोलीत होती. साहेब आणि मी तेव्हा नांदेडला बंदोबस्तात. ठाण्यातल्या जमादाराने पंचनामा केला, सरांचा जबाब घेतला: चाचणीत मार्क कमी पडले, मुलगी निराश होती. आकस्मिक मृत्यू म्हणून नोंद झाली आणि कारणापुढे लिहिलं गेलं, उडी मारून आत्महत्या. मुलीच्या बापाची सही तेवढी राहिली होती. कोणावर संशय नाही, तक्रार नाही, अशा कागदावर घरच्यांची सही घेतात. बाप सही करेना.

आम्ही परत आलो तर तो ठाण्याच्या पायरीवर बसलेला. किल्लारी ते लातूर काळीपिवळी जीप चालवणारा माणूस, भूकंपानंतर नव्याने वसलेल्या गावातला. आवाज चढवत नव्हता, भांडत नव्हता. एवढंच म्हणत होता, "सायेब, त्येवडा येक शब्द काढा. मी सही करतो. माझ्या लेकीनं उडी न्हाई मारली. ती मरायला भ्यायची वो. लई भ्यायची."

साहेबांनी पंचनामा वाचला, पुन्हा वाचला आणि म्हणाले, "चला."

होस्टेलच्या फाटकात सर आणि त्यांचे वकील उभेच होते. वकील तरुण, हुशार आणि अतिशय नम्र. "साहेब, गुन्हा दाखल आहे का?"

"नाही. आकस्मिक मृत्यूची चौकशी आहे."

"मग झडती कुठल्या अधिकारात? वॉरंटशिवाय झडती गुन्ह्याच्या तपासात घेता येते. इथं गुन्हाच नाही."

मी मनात म्हटलं, आता साहेब याला बाजूला सारतील. कुणीही सारलं असतं. साहेब म्हणाले, "तुमचं बरोबर आहे," आणि फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला, पाण्याच्या हौदाच्या कट्ट्यावर जाऊन बसले.

मी त्यांच्या मागे गेलो. "साहेब, आत सगळं पुसून टाकतील."

"पुसू द्या. पुसलेलं जास्त दिसतं."

ते असं म्हणाले खरे, पण थोड्या वेळाने वरच्या मजल्यावर बादल्यांचा आवाज आला. कुणीतरी फरशी धूत होतं. पन्हळीतून साबणाचं पाणी खाली यायला लागलं, तसे साहेब अर्धे उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. मी त्यांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. ते पुन्हा खाली बसले. त्या क्षणी मला त्यांचा राग आला होता, आणि अजूनही तो सगळा गेलेला नाही.

बाप आमच्या मागोमाग जीप घेऊन आला होता. तोही कट्ट्यावर टेकला. साहेबांनी त्याला आपल्या बाटलीतलं पाणी दिलं आणि मुलीबद्दल विचारलं. तो सांगत गेला. भूकंपाच्या पहाटे तो जीप घेऊन बाहेरगावी होता. बायको आत निजली होती ती गेली. पोर खेळता खेळता आदल्या रात्री दारापाशीच झोपी गेली होती, ती वाचली. तेव्हापासून ती दाराशिवाय झोपली नाही. नव्या घरात, पावण्याच्या घरात, कुठंही गेली तरी अंथरूण दारापाशी आणि दाराला कडी नाही.

"रोज हितनं जायचो सायेब, फाटकापाशी हारन वाजवायचो. तिला कळायचं बाप गेला म्हनून. मग सर म्हनले, अभ्यास मोडतो पोरींचा. तवा वाजवायचं सोडलं."

"आणि इथं ती दार उघडं ठेवून झोपायची?" साहेबांनी विचारलं.

"कसं ठिवंल? म्याच सरांना सांगितलं होतं, पोरगी भित्री हाय, हिची ती खोड मोडा. दार लावून बसायची सवय लावा. डाक्टर व्हायचं तर आसं भिऊन कसं चालंल?" तो हे अगदी साधेपणाने बोलला. बापाने लेकीची किती काळजी घेतली, ते आम्हाला कळावं म्हणून.

साहेब माझ्याकडे वळले. "त्या दुपारी खोलीचं दार कसं होतं?"

मी पंचनामा काढला. प्रेताचं वर्णन होतं, खाट, पुस्तकं, पाण्याचा तांब्या, सगळं होतं. दाराबद्दल अक्षरही नव्हतं. जबाबातही नव्हतं.

"हे कारण," साहेब म्हणाले.

त्यांनी कट्ट्यावर बसूनच न्यायाधीशांना अर्ज लिहिला आणि मी तो घेऊन मोटारसायकलवर कोर्टात गेलो. साहेब फाटक सोडून हलले नाहीत. न्यायाधीशांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "झडतीत काय सापडेल असं तुमच्या साहेबांना वाटतं?"

"ते म्हणतात, काय सापडायला पाहिजे ते ठरवून झडती घ्यायची नसते. मृत्यूच्या वेळी दार कसं होतं ते कुणीच सांगत नाही, एवढंच त्यांना बघायचंय."

न्यायाधीशांनी आणखी दोन प्रश्न विचारले आणि वॉरंटवर सही केली.

पंच म्हणून समोरचा किराणा दुकानदार आला आणि गल्लीतल्याच एक शिक्षिका बाई आल्या. मुलींच्या खोलीत जायचं तर बाई पंच पाहिजेतच, असा साहेबांचा आग्रह. तिसऱ्या मजल्यावर, त्या खोलीच्या दारात, साहेबांनी टोपी माझ्याकडे दिली आणि हात वर केले. "सर, आधी माझी झडती घ्या."

सर हसले. "काय चेष्टा करता राव, साहेब."

"घ्या."

सर अवघडून त्यांचे खिसे चाचपत होते आणि साहेब मान वर करून चौकटीकडे बघत होते. हात वर करून उभं राहिलं की माणसाची नजर आपोआप वर जाते. दाराच्या वरच्या बाजूला, बाहेरच्या अंगाने, फळीवर आणि चौकटीवर रंगाचा एकेक ठिपका होता, बाकी दारापेक्षा उजळ. साहेबांनी दुकानदाराला नखाने दाबायला सांगितलं. नख आत रुतलं. स्क्रूच्या भोकांत लांबी, म्हणजे सुतार भरतात ती पुट्टी, भरून वरून रंग मारला होता आणि आतली लांबी अजून मऊ होती. शेजारच्या दारावर तेच, त्याच्या शेजारच्याही. त्या मजल्यावरच्या एकूणएक दाराची बाहेरची कडी काढलेली होती. सरांचं हसू मावळलं. वकील त्यांच्या कानाला लागले.

खोली धुतलेली, चादर बदललेली. शोधायला काही नव्हतं. आम्ही मध्ये उभे होतो तेवढ्यात शेजारच्या प्लॉटवर बोअरची गाडी सुरू झाली. तिथं आणखी एक होस्टेल उभं राहणार होतं आणि तीन-चार दिवसांपासून, म्हणजे मुलगी पडली त्याच्या आदल्या दिवसापासून, पाण्यासाठी खडक फोडणं चाललं होतं. आधी एक घरघर आली. मग खिडकीचं तावदान वाजू लागलं, तांब्यावरचं भांडं किणकिणलं आणि पायाखालची फरशी बारीक थरथरू लागली.

मी भानावर आलो तेव्हा दारात होतो. शिक्षिका बाई माझ्यापुढे होत्या, त्यांचा हात चौकटीवर. दुकानदार तर जिन्यात पोचला होता. आणि साहेब, ज्यांना मी कधी घाई करताना पाहिलं नव्हतं, ते उंबऱ्याच्या बाहेर उभे होते. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. भूकंप पाहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

बाईंना रडू फुटलं. त्यांना कळलं होतं. आम्हाला सगळ्यांनाच कळलं होतं.

"लिहा," साहेब म्हणाले. "बोअरचं यंत्र सुरू होताच खोली हादरली आणि दोन्ही पंच, रायटर आणि मी स्वतः दाराकडे धावलो. दार उघडं असल्याने बाहेर येऊ शकलो."

खिडकीला गज अजून बसायचे होते. खाली हातभर रुंदीचा छज्जा. बोअरची राखाडी भुकटी त्या सगळ्या बाजूवर बसली होती, छज्ज्यावर, भिंतीवर, पार गच्चीपर्यंत. आत धुणाऱ्यांच्या डोक्यात बाहेरचं आलं नव्हतं. त्या भुकटीत अनवाणी पावलं उमटली होती, भिंतीकडे तोंड केलेली, एकेक करून बाजूला सरकत गेलेली. आणि वर भिंतीवर हाताचे तळवे. बोटं फाकलेली. ती जिन्याच्या दिशेने चालली होती. खिडकीपलीकडे थोड्याच अंतरावर जिन्याचा उघडा कठडा होता. ज्याला उडी मारायची तो भिंतीला धरून चालत नाही.

खटल्याचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव तिकडे राहायला नको. कोंडून ठेवल्याचा आणि निष्काळजीपणाने मृत्यूचा गुन्हा दाखल झाला. तारखा वर्षानुवर्षं पडत गेल्या आणि शेवटी सर सुटले. दार लावायला बापानेच सांगितलं होतं, हे वाक्य वकिलांनी कोर्टात वाचून दाखवलं. ते वाक्य आमच्याच कागदांत होतं, माझ्या अक्षरात. साहेबांची बदली तर त्याआधीच किनवटला झाली होती. 'आत्महत्या' हा शब्द मात्र गेला. त्या जागी 'बाहेरून बंद केलेल्या खोलीतून सुटण्याच्या प्रयत्नात तोल जाऊन' असं आलं, ते सरांच्या सुटकेनंतरही तसंच राहिलं.

बापाचं ते वाक्य कागदात कसं आलं ते सांगतो. झडती संपवून आम्ही खाली उतरलो. बाप कट्ट्यावरच होता. साहेब त्याच्याशेजारी बसले आणि त्याला सगळं सांगितलं. पोरीने उडी मारली नाही. खोली हादरली, तिला भूकंप वाटला, ती जिन्याकडे निघाली होती.

बापाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "म्या म्हनलं नव्हतं?" तो हुंदके देत म्हणाला. "म्या म्हनलं नव्हतं का सायेब?" खरं सांगतो, त्या वेळी तो आनंदाने रडत होता. मेलेल्या लेकराच्या बापाला आनंद कशाचा होऊ शकतो, ते मी त्या दिवशी पाहिलं.

मग हळूहळू त्याचं रडणं थांबलं. "दारानं का न्हाई गेली?"

साहेबांनी माझ्याकडून टोपी घेऊन गुडघ्यावर ठेवली.

"कडी भायेरून होती का?"

"हो."

तो रस्त्याकडे बघत बसला. समोरून एक काळीपिवळी गेली, तिच्या ड्रायव्हरने त्याला हात केला, याने पाहिलंही नाही. मग तो म्हणाला, "माजं नाव लिव्हा सायेब. कडी त्याची आसंल. सांगितलं म्या होतं."

मी पेनाला टोपण लावलं. साहेबांना बाजूला घेऊन म्हणालो, "हे नका लिहू. हे लिहिलं तर सर सुटतील."

"मला ठाऊक आहे."

"मग?"

"वरच्या भोकांत लांबी सापडली, ती लिहिली. पोरीचे हात सापडले, ते लिहिले. हे पण इथंच सापडलं." ते माझ्याकडे बघत नव्हते. "लोकांच्या घरात शिरून आपल्याला पाहिजे तेवढंच उचलून आणायचं, तर मग त्या हात वर करण्याला काही अर्थ नाही. लिहा."

मी लिहिलं. आरोपी म्हणून नाही, जबाब म्हणून. बापाने त्याखाली सही केली. बिनतक्रारीच्या कागदावर जो इतके दिवस सही करत नव्हता, त्याने या कागदावर लगेच केली. साहेब चुकले असं मला अजून वाटतं. मनातल्या मनात मी त्यांच्याशी आजही भांडतो, आणि दर वेळी त्यांचं तेच उत्तर येतं. पण इतकी वर्षं नोकरी करून, इतके साहेब बघून, त्यांच्याइतका मोठा माणूस मला खात्यात दुसरा भेटला नाही.

सही झाल्यावर बाप म्हणाला, "मला बगायचंय."

वर नेता येत नव्हतं, खोलीला सील लागलं होतं. साहेब त्याला शेजारच्या बोअरच्या प्लॉटवर घेऊन गेले. मशीनवाल्यांना सांगून त्यांनी यंत्र थांबवलं. सगळीकडे पायाखाली राखाडी चिखल होता. तिथून ती भिंत पूर्ण दिसत होती, उतरतं ऊन तिच्यावर पडलं होतं. साहेबांनी बोट करून खिडकी दाखवली, मग छज्जा, मग एकेक हात. बाप मान वर करून बघत होता आणि साहेबांच्या बोटामागे त्याचे ओठ हलत होते.

"जिना कुटाय?"

"तो काय. शेवटच्या हाताच्या पलीकडे, तो कठडा."

शेवटचा तळवा आणि कठडा यांच्यामध्ये फार काही नव्हतं. मुलीने हात लांबवला असता तर लागला असता. कदाचित तिने तेच केलं असेल. बापाने स्वतःचा हात वर धरला, एक डोळा मिटला आणि ते अंतर खालूनच वितीने मापून पाहिलं.

"म्हंजी पोचलीच होती की वो."

"हो," साहेब म्हणाले. "पोचलीच होती."